बिनवासाचा साबण

१९ जानेवारी

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चक्क चार पानी! आईने आधी पाकीट हातावर तोललं आणि घाबरून म्हणाली, "हिला बरं नाही का?" लग्न झाल्यापासून तू आम्हाला दोन ओळींच्या वर कधी लिहिलं नाहीस, तेव्हा तिचं काही चुकलं नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं, मग तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. फोनचं म्हणशील तर रेंज अजून शाळेच्या गच्चीवरच येते, आणि तिथवर चढून गेलं तरी आईला फोनवरचं ऐकू येत नाही. आपलं हेच बरं.

आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्याबरोबर आईही. माझं शिवणकाम बरं चाललं आहे.

तू विचारलंस ते दुकानाचं सगळं पहिल्यापासून सांगते. शेठ गावातलं एकुलतं एक दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेले, तेव्हापासून काडेपेटी हवी असली तरी बस धरून तुमच्या शहरात यावं लागतं. सकाळच्या बसने जा, संध्याकाळच्या बसने या, मधला सगळा दिवस स्टँडच्या बाकावर. एके दिवशी नर्सबाई बसमधून उतरल्या, हातातली पिशवी पारावर आपटली आणि म्हणाल्या, "एका पावडरीसाठी आख्खी रजा घालवली. आता पुरे झालं." तिथून सुरुवात.

मास्तरांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. मास्तर निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण त्यांनी फळ्यासमोर उभं राहून "बसा" म्हटलं की अजून सगळे बसतात. ठरलं असं, की दुकान कुणा एकाचं नाही, गावाचं. प्रत्येक घराने झेपतील तेवढे पैसे घालायचे, पण मत एका घराला एकच. गिरणीवाला लगेच उठला. "मी जास्त घातले तर?" मास्तर म्हणाले, "तर जास्त आभार." मग तो बसला. गल्ल्यावर बसायच्या घरटी पाळ्या लावल्या आहेत. सकाळी मात्र कायमची मी, कारण माझं मशीनच तिथे हलवलं आहे. दुकान उघडलं की गिऱ्हाईक नसेल तेव्हा काजं करीन, असेल तेव्हा गप्पा.

जागा म्हणजे डेअरीची जुनी खोली, जिथे पूर्वी दुधाचे कॅन मोजायचे. फरशी घासून घासून आमचे हात सोलवटले तरी दुधाचा आंबूस वास जाता जात नाही. गावातली सगळी मांजरं रोज सकाळी दारात येऊन बसतात आणि दहा वाजता निराश होऊन जातात.

नावावरून जे महाभारत झालं ते तू बघायला हवं होतंस. कुणाला "एकता" हवं, कुणाला "प्रगती". गवंडी म्हणाला, "आपलं दुकान" ठेवा. तर गिरणीवाला म्हणतो, आपलं म्हणजे नेमकं कुणाचं? पेंटर शिडीवर ब्रश घेऊन ताटकळत उभा. शेवटी तो वैतागला, त्याने नुसतं "दुकान" लिहिलं, शिडी खांद्यावर घेतली आणि घरी निघून गेला. तेच कायम झालं. अक्षर सुरेख आहे.

आणि तुझे रॅक! टेम्पोतून उतरवायला निम्मं गाव धावलं. तुमच्या दुकानात नवे आले म्हणून जुने पाठवलेस असं तू लिहिलंस, पण चिंगे, हे जुने असतील तर आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू पुराणातल्या म्हणायच्या. एकेक फळी पुसून मी हात फिरवून बघितला. मास्तरांनी सभेत आभाराचा ठराव मांडला, "आपल्या गावच्या लेकीने" असं म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज जरा हलला. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मेहुण्यांनाही सांग.

तू म्हणतेस ना, कुणाच्या घरी काय लागतं ते आधी विचारून घे आणि मला लिही, मग काय किती ठेवायचं ते मी सांगते. लिहीन. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुझ्या सासरचं दुकान तूच उभं केलंस हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग घरची गुरू असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारू? खरं सांगू का, दुकानाच्या निमित्ताने तू एवढं लिहायला लागलीस, याचाच मला जास्त आनंद झाला आहे.

आई म्हणते, एवढं मोठं पत्र एका बैठकीत लिहीत जाऊ नकोस, डोळे दुखतील.

तुझीच,
आक्का


६ एप्रिल

प्रिय चिंगे,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं पोचली, उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. दुकान उघडलं आणि मला शिंकायला वेळ मिळेना.

पहिल्या दिवशी सगळं गाव आलं आणि कुणी काही घेईना. सगळे नुसते हात मागे बांधून रॅकमधून फिरत होते, प्रदर्शन बघायला आल्यासारखे. शेवटी गवंड्याच्या आईने काठी आपटून विचारलं, "विकायला ठेवलंय की दाखवायला?" आणि एक मेणबत्ती घेतली. मग झुंबड उडाली. तू आली असतीस तर बरं झालं असतं. आई दर बसला उठून बघत होती. असो, तुमच्याकडे त्या दिवशी माल यायचा होता हे कळलं.

तू सांगितलंस तसं मी घरोघर विचारून आले. दुपारी उन्हातून फिरले, लोक म्हणाले हिला काय झालं. पण तुझ्या पत्रात प्रश्नच इतके असतात, की नुसतं "सगळं ठीक" लिहून कसं चालेल? तर ऐक.

नर्सबाईंना कपड्यांची एकच पावडर चालते, निळ्या डब्यातली, दुसरीने हात फुटतात. गिरणीवाला एकाच कंपनीची पाती वापरतो. ती नसली तर तो दाढी वाढवून आपला निषेध सगळ्या गावाला दाखवत फिरतो. पेंटरच्या रेडिओला जाड सेल. मास्तर रोज संध्याकाळी पेपरमिंटच्या गोळ्या नेतात, शाळेतल्या मुलांसाठी म्हणून. शाळा संध्याकाळी बंद असते हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. गवंड्याच्या आईला बिनवासाचा साबण लागतो. मला हसूच आलं, कारण तोंडाने एवढी तिखट बाई, आणि साबण असा मवाळ. वासाने शिंका येत असतील बिचारीला. तो मी खास तिच्यासाठी मागवते.

सुताराचं घर शांत, तिथे फार काही लागत नाही. त्याची आई अंथरुणाला खिळून आहे, तुला आठवत असेल, तुझ्या वेण्या घालायची. तिचं सगळं शेजारून गवंड्याची आईच बघते.

मोठी खरेदी शनिवारी. त्या दिवशी बाहेर कामाला जाणाऱ्यांचा पगार होतो, मग संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते. आठवड्याचं खरं काम त्या दोन तासांत. दुपारी मी आईला जेवायला वाढायला घरी जाते, तेवढा वेळ कुलूप असतं. त्याबद्दल गिरणीवाल्याची तक्रार आहे, पण त्याची कशाबद्दल नसते?

तुला हे सगळं वाचायला खरंच आवडतं ना? गेल्या पत्रात तू लिहिलंस, "आक्का, अजून लिही, मला गाव डोळ्यांसमोर दिसतं." ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं आणि मग रात्री एकटीने पुन्हा वाचलं. तू परकी झालीस असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता लिहायला हरकत नाही.

आई म्हणते, दुकानाचं पुरे, ती कधी येते ते विचार. तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे तिने. लोकर आपल्याच दुकानातली, हिरवी. माप अंदाजाने.

तुझीच,
आक्का


२३ ऑगस्ट

प्रिय चिंगे,

आशीर्वाद. आज घाईत आणि जरा काळजीत लिहिते आहे. तुझा सल्ला हवा आहे.

गेल्या महिन्यापासून शहरातून एक गाडी येते. पांढरी, बंद पाठीची, तिच्यावर नाव नाही, काही नाही. शनिवारी दुपारी, नेमकी माझं कुलूप असतं तेव्हा. शाळेच्या मागे थांबते. मागचं दार उघडलं की आत आख्खं दुकान. आणि प्रत्येकाला जे हवं तेच असतं गं. गिरणीवाल्याची पाती. निळा डबा. जाड सेल. आमच्यापेक्षा थोडं स्वस्त, आणि वर गोड बोलणं. संध्याकाळी मी दुकान उघडून बसते तर दोन तासांत मीठ आणि काडेपेट्या खपतात.

सगळ्यात वाईट म्हणजे लोकांचे चेहरे. नर्सबाई परवा भर उन्हात शाल पांघरून दुकानासमोरून गेल्या. शालीखालून निळा डबा दिसत होता. मी हाक मारली तर म्हणाल्या, "थंडी वाजतेय." ज्या बाईने पारावर पिशवी आपटून हे सगळं सुरू केलं, तिला ऑगस्टात थंडी वाजते! दिवसभर माझी शिलाई वाकडी आली.

मास्तर म्हणतात, आपण कुणाला अडवू शकत नाही, दुकान आपलं असलं तरी खिसा ज्याचा त्याचा. ते बरोबर आहे. पण असंच चाललं तर पुढचा माल उचलता येणार नाही आणि डेअरीच्या खोलीत पुन्हा मांजरंच उरतील. मास्तरांनी पेपरमिंट दुप्पट न्यायला सुरुवात केली आहे, तेवढ्याने काय होणार.

गावात कुजबूज आहे, की आतलंच कुणी माहिती पुरवतं. लोक पेंटरकडे बोट दाखवतात, कारण तो पाट्या रंगवायला शहरात जात असतो. मला पटत नाही. तुम्ही दोघं त्याच धंद्यात आहात. ही गाडी कुणाची, मेहुण्यांना विचारून कळव. आणि तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस तेही लिही.

एक मात्र आहे, त्या ड्रायव्हरला थोडी लाज असावी. दुकानासमोर गाडी कधी लावत नाही.

आई म्हणते, तो माणूस शहरातूनच येतो तर त्याच्याबरोबर चिंगीचा स्वेटर पाठवता येईल का? दोन्ही बाह्या झाल्या आहेत.

तुझीच,
आक्का


१२ ऑक्टोबर

चिंगी,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा तसाच. इकडे हवा कोरडी आहे, सकाळी जरा गार वाटतं. मशीनचा पट्टा बदलला. पेंटरने दुकानाच्या पाटीवर नवा हात मारला, कारण "दु" वर पक्ष्यांनी घाण केली होती. शाळेचं एक दार निखळलं होतं ते सुताराने बसवलं.

आणखी काय लिहायचं? दर वेळी पानं पुरत नाहीत, आज एकेक ओळ शोधावी लागते आहे.

तुझं उत्तर आईला वाचून दाखवलं नाही, मनातच वाचलं. तू लिहिलंस, "शहरात अशा पन्नास गाड्या आहेत, कुणाची म्हणून सांगायची? आक्का, तू मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी धंदा आहे." एवढंच. दोन ओळी. पूर्वीसारखं.

गवंड्याच्या आईची गंमत सांगते. ती एकटी गाडीकडे फिरकत नव्हती. म्हणायची, मी मेणबत्ती घेऊन दुकानाचा नारळ फोडलाय, आता दुसरीकडे जाणार नाही. म्हणून ड्रायव्हर तिच्या दारी गेला आणि एक वडी भेट म्हणून देऊन आला. ती काठी टेकत तडक माझ्याकडे आली आणि वडी गल्ल्यावर आपटली.

"हे बघ, फुकटात साबण दिला, तोही बिनवासाचा! म्हणे, आजी, खास तुमच्यासाठी. मी मेले तरी असला लावणार नाही."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही तर हाच नेता ना माझ्याकडून?"

"तो सुताराच्या आईला गं! पडून पडून तिची कातडी सोलली आहे. तिला उठता येत नाही म्हणून मी नेते. मला घमघमाट लागतो, नाहीतर अंघोळ केल्यासारखं वाटतच नाही."

मी हसले. तीही हसली. मग ती गेली आणि मी वडी हातात घेऊन बसून राहिले.

चिंगी, मी चुकले होते. गवंड्याच्या आईला बिनवासाचा साबण लागतो असं सगळ्या जगात फक्त मी समजत होते. गावात कुणी असं म्हणणार नाही, पेंटर तर मुळीच नाही, तो तिच्या समोरच राहतो. मी ते मनात समजले आणि एकाच माणसाला लिहिलं.

तरीही मी तुझी बाजू घेत राहिले. वाटलं, पत्र कुणाच्या हाती पडलं असेल. वाटलं, मेहुण्यांनी वाचलं असेल, तुला माहीतही नसेल. म्हणून मागच्या शनिवारी आईला लवकर वाढलं आणि शाळेमागे गेले. गाडी होती. ड्रायव्हर तिथे पायरीवर डबा खात होता, मला बघून उठून उभा राहिला. चांगला माणूस आहे. मी काही जाब विचारला नाही. एवढंच म्हटलं, "बाई कशा आहेत?"

त्याला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. तोंड भरून म्हणाला, "बऱ्या आहेत. तुमची फार आठवण काढतात. आम्हाला ताकीदच आहे त्यांची, काही झालं तरी आक्काच्या दुकानासमोर गाडी लावायची नाही, आक्काला वाईट वाटेल."

मी त्याला डबा संपवायला सांगितलं आणि परत फिरले.

बाकी सगळं मी गिळलं असतं. धंदा आहे, मान्य. गावं धुंडाळत फिरणाऱ्या गाड्या असतातच, एक आमच्याकडेही आली असती आज ना उद्या. पण गाडी कुठे लावली तर आक्काला वाईट वाटेल, एवढा तू विचार केलास! म्हणजे तुला कळत होतं. कळत असताना तू विचारत गेलीस, मोठी खरेदी कोणत्या दिवशी, दुपारी दुकान उघडं असतं का, निळा डबा किती दिवस पुरतो. आणि मी उन्हातून दारोदार जाऊन तुझ्यासाठी उत्तरं गोळा करून आणत होते. दुकानाला त्यांतलं निम्मं लागतही नव्हतं. चिंगी आवडीने वाचते म्हणून लिहीत होते. तुला गाव डोळ्यांसमोर दिसतं म्हणून.

मला वाटलं होतं माझी बहीण परत आली.

दुसऱ्या दिवशी सभा झाली, या वेळी दुकानातच. तुला सभेचं सांगायला नको, पण एवढं सांगते, कारण हे तुझ्याच पदरात टाकायचं आहे. गिरणीवाल्याने उभं राहून पेंटरचं नाव घेतलं. म्हणाला, याची पाळी काढून घ्या, याच्या हाती किल्ली नको. स्वतः त्या गाडीतून पाती घेतो तो माणूस! पेंटर उठलाच नाही. खाली मान घालून नखातला रंग खरवडत राहिला. तो माणूस एवढा भडक डोक्याचा, तो नुसता म्हणाला, "पाटी पुसू का मग?"

मी गप्प बसू शकत होते. आई माझ्या शेजारी बसली होती, रॅकला टेकून, तुझ्या. मी गप्प बसले असते तर तिला हे कधीच कळलं नसतं आणि गावची लेक गावची लेक राहिली असती. फक्त पेंटर गेला असता.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "पेंटरने काही सांगितलेलं नाही. माझ्या पत्रांमधून गेलं."

तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. मी पत्रं कुणाला लिहिते हे इथे कुणाला माहीत नाही? सगळ्यांनी एकदम रॅककडे बघितलं आणि मग आईकडे बघायचं टाळलं. मास्तर भाव लिहायच्या फळ्याकडे वळले. मग म्हणाले, "पुढचा विषय," आणि पुढचा विषय त्यांना आठवेना. नर्सबाईंनी शाल काढून मांडीवर ठेवली. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, उलट गवंड्याच्या आईने पाठीवर हात ठेवला. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन दार उघडल्यावर आईने विचारलं, "ती पत्रं तू मला वाचून दाखवायचीस, त्यात असं काही होतं का?" मी म्हटलं, "प्रश्न होते, आई." ती म्हणाली, "मला वाटलं, माया आहे."

मलाही तसंच वाटलं होतं. अजूनही कधी कधी वाटतं, थोडी होती. तू मला हे कधीतरी सांगशील का, की थोडी होती का? नको, राहू दे. सांगितलंस तरी ते खरं की धंदा, हे मला आता ओळखता येणार नाही. तू माझं हेच नेलंस. गिऱ्हाइकं काय, येतील जातील.

काल शनिवार होता. तुझे रॅक आम्ही परत पाठवले आहेत, त्याच गाडीतून. पेंटर आणि गवंड्याने उचलले, सुताराने नट सैल केले. ड्रायव्हर बावचळून गेला, म्हणाला, मला काही सांगितलेलं नाही. मी त्याला म्हटलं, गाडी दुकानासमोर घे, जड आहेत. तो तयार होईना. शेवटी मीच पुढे चालत गेले आणि त्याला मागून यायला लावलं. लावली दारात. सगळ्या गावाने बघितली. मोजून घे, सगळ्या फळ्या आहेत, पुसून दिल्या आहेत.

दुकानातला माल सध्या माझ्या कापायच्या टेबलावर आणि शाळेच्या बाकांवर मांडला आहे. चालेल का, किती दिवस चालेल, ते लिहीत नाही. इथे कुणाला काय लागतं तेही यापुढे मी लिहिणार नाही. चुकून सवयीने लिहिलं गेलं तर तू वाचू नकोस, एवढं तरी माझं ऐक.

पत्र बंद करायच्या आधी आईला विचारलं, चिंगीला काही सांगायचं आहे का? स्वेटर पुरा झाला आहे, पण काल गाडीत तिने ठेवू दिला नाही. तो मांडीवर घेऊन तिने बाह्यांची घडी घातली. मग म्हणाली, "लिही, स्वेटर इथेच आहे. अंगावर घालून माप बघायचं राहिलंय. बसने ये म्हणावं. त्या गाडीतून नको."

आईचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आहे. माझं अजून तसं काही म्हणणं नाही.

आक्का